साखळीसकट वजन

१९ नोव्हेंबर २०१५

केशर,

मी फोन केला की तुझा फोन बंद होतो, म्हणून लिहितो आहे. मागं राहिलेली माणसं घेऊन शहादेव मुकादम परवा कृष्णाकाठी येतोय. तुमची टोळी कोणत्या फडात ऊस तोडतेय ते त्याला ठाऊक आहे, त्याच्या हाती हे पत्र देईन. फाडायचं असलं तर फाड, पण आधी वाच. यात माझं काही नाही, तुळजाचं आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तू तुझी पोरगी तुझ्या आईच्या पदरात घातलीस तेव्हा मी कारखान्याच्या गेटवर होतो. मी घरी नाही हे बघूनच आलीस, त्याचं मला वाईट वाटत नाही. तुझी सासू जिवंत असती तर तू आमच्या दारात आलीही नसतीस. मागच्या हंगामात उसाच्या पाचटाच्या कोपीत पोरगी तापानं फणफणली, ते शहादेवनं मला सांगितलं होतं. यंदा तिला मागं ठेवलंस ते बरं केलंस.

जाताना आईला म्हणालीस, "तिला अंगणवाडीत घाला. पण बघून घाला."

आईनं मला हे तीनदा सांगितलं. चार वर्षांत तू माझ्याशी शब्द बोलली नाहीस. हा शब्दही आईलाच होता, तरी मी तो आपल्याकडे घेतला. दहावीला एकाहत्तर टक्के पडलेल्या पोरीचं लग्न मी महिन्याभरात उरकलं. पोरगी अकरावीला तेलगावला एकटी एस.टी.नं कशी जाईल, मी सहा महिने रात्रपाळीला, या भीतीपायी. बघितलं काहीच नाही. आता निदान बघण्याचं काम तरी नीट करावं, असं मनात धरलं.

वेळ आहेच. कारखान्यानं यंदा बॉयलर पेटवलेला नाही. ऊसच उभा नाही तर गाळणार काय? बावीस हंगाम मी वजनकाट्यावर बसलो. आता काट्यावर ताडपत्री टाकली आहे आणि तिच्यावर कुत्री झोपतात.

तीन अंगणवाड्या बघितल्या. मधल्या वस्तीवरचीला कुलूप होतं. किल्ली मदतनीस बाईजवळ आणि मदतनीस बाई तोडीला गेलेली.

दुसरी आपल्या गावची. नवी इमारत तू पाहिली नाहीस. कारखान्याच्या चांगल्या वर्षात सभासदांच्या वर्गणीतून बांधली. तिची वाळू मी स्वतः उभं राहून उतरवून घेतली होती. भिंतीवर आंबा, विमान, वाघ काढलेत. आत मुलांना बसायला रंगीत सतरंजी, दाराशी नळ. नळाला पाणी नाही, पण नळ आहे. सुंदरबाई सेविका गोड बोलतात. आढ्याला वजनाचा काटा टांगलाय, त्याच्या झोळीत पोर बसवतात आणि वजन तक्त्यावर टिंब काढून मांडतात. हिरव्या पट्ट्यात टिंब पडलं तर पोर चांगलं, पिवळ्यात पडलं तर जपायचं, लालमध्ये पडलं तर जिवाला धोका. तुळजाचं वजन दहा किलो नऊशे भरलं. टिंब हिरव्यात, अगदी कडेला, पण हिरव्यातच.

तिसरी ओढ्यापलीकडच्या वाडीवरची. मारुतीच्या देवळासमोर पत्र्याचं शेड, भिंतीवर ना आंबा ना वाघ. बायनाबाई सेविका माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मला बसायलाही म्हणाली नाही.

"पोरगी किती खाती?"

"खाती की. भाकरी खाती, वरण खाती."

"चतकोर का अर्धी?"

मला सांगता येईना.

"दिसातून किती बारी परसाकडं जाती? कुणाच्या कुशीत झोपती?"

मी चिडलो. म्हणालो, "बाई, मी पोरगी घालायला आलोय, जबानी द्यायला न्हाई."

"जबानी सोपी असती भाऊ. तितं खोटं बोललं तरी भागतंय." असं म्हणून तिनं तुळजाचा फ्रॉक वर केला आणि तिला साखळी दिसली. "ही काढा. मग वजन करू."

साखळीचं तुला सांगायला पाहिजे. तू गेलीस त्या संध्याकाळी मी माझ्या आईची कमरेची चांदीची साखळी पेटीतून काढली आणि पोरीच्या कमरेला दोन वेढे देऊन घातली. देवीला म्हणालो, माझी लेक तोडीवरून सुखरूप येईपर्यंत ही उतरणार नाही. ती आली की तिच्या हातानं उतरवीन आणि तुळजापूरला तुझ्या पायावर घालीन. केशर, नवस तुझ्यासाठी आहे. मग मी ती कशी काढू?

बायनाबाई म्हणाली, "मग मला वजन करता येणार न्हाई."

सुंदरबाईंनी साखळी बघितली तेव्हा हात जोडले होते. देवाचं आहे म्हणाल्या, राहू द्या.

तिन्हींची तुलना करून मी तुळजाला आपल्या गावच्या अंगणवाडीत घातलं आहे. तू काळजी करू नकोस.

उत्तरेश्वर


११ डिसेंबर २०१५

केशर,

तू पत्र घेतलंस आणि कोपीच्या मेढीला खोचून ठेवलंस, असं शहादेवनं फोनवर सांगितलं. वाचलंस का विचारलं तर म्हणाला, "मी काय तिच्या डोळ्यात बसलो होतो का, दादा?" हे पत्र तिकडच्या कारखान्याच्या पत्त्यावर, शहादेव मुकादमाची टोळी असं लिहून, पोस्टानं टाकतो आहे.

तुळजा रमली आहे. पहिले चार दिवस दाराला धरून रडली, आता सुंदरबाईंच्या पदराला धरून बसते. एक गाणं शिकली आहे, त्यात ससा आहे आणि गाजर आहे. गाजर म्हणजे काय असं तिनं मला विचारलं. मी बाजारात दाखवीन म्हणालो. पण तेलगावच्या बाजारात यंदा भाज्यांपेक्षा विकायला आणलेली जनावरं जास्त.

सकाळी मी तिची वेणी घालतो. वाकडी होते. ती डोकं हलवून म्हणते, "आबा, दुसरी." मग दुसरी घालतो, तीही वाकडी.

पाण्याचा टँकर आठव्या दिवशी येतो आणि गावच्या आडात ओततो. मग सगळं गाव दोऱ्या सोडून तेच पाणी वर ओढतं. वर येईपर्यंत त्याला तळाच्या गाळाचा वास लागतो. मी फडक्यानं गाळून घेतो. मधे तुळजाचं पोट दोन दिवस ढिलं होतं. आता ठीक आहे. अंगणवाडीत पाणी नाही म्हणून खिचडी रोज शिजत नाही, पण सुंदरबाई कोरडी पाकिटं घरी देतात. त्यांनी या महिन्याचंही वजन लिहिलं आहे, अकरा किलो शंभर. म्हणजे टिंब हिरव्यात, थोडं वर.

परवा ओढ्याकडून येताना बायनाबाईच्या शेडवरून गेलो. मुलं ताटल्या घेऊन रांगेत बसली होती आणि ती चुलीवरचं उकळलेलं पाणी कापडानं झाकून निववत होती. मला बघून म्हणाली, "काय भाऊ, नात चतकोर खाती का अर्धी?" मी ऐकलं नाही असं करून पुढं झालो. काही माणसांना दुसऱ्याला खाली बघायला लावण्यातच गोडी असते.

साखळी आकड्यातून निसटायला लागली, म्हणून मी तिला दोरा बांधून घेतला आहे. दोरा पक्का आहे, पडणार नाही. नवसाची काळजी करू नकोस.

आई बरी आहे.

उत्तरेश्वर


८ जानेवारी २०१६

केशर,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं दारात पाकीट हातात दिलं. तुझं अक्षर तसंच आहे, उजवीकडे झुकलेलं. आत एकच ओळ.

"साखळीला दोरा कावून बांधला?"

चार वर्षांनी लिहिलंस आणि एवढंच लिहिलंस. मी ते पत्र पोथीत ठेवलं आणि दोन दिवस काय उत्तर द्यावं याचा विचार करत राहिलो. मनात आलं, लिहावं की साखळी जुनी आहे, आकडा झिजला आहे. लिहिलंही होतं. तो कागद फाडला.

आकडा झिजलेला नाही. दोन वेढे देऊन जिथं आकडा बसायचा तिथून आता चार बोटं अंतर पडतं. ते अंतर धरायला दोरा आहे.

आणखी एक सांगितलं नव्हतं. आई घरी नाही. चार डिसेंबरपासून ती चारा छावणीवर आहे. दोन्ही बैल आणि गाय तिथं बांधली आहेत आणि जनावरापाशी माणूस नसलं की पेंढी दुसऱ्याच्या दावणीत जाते. तिच्या गुडघ्यांनी तिला रोज येणं-जाणं होत नाही, म्हणून ती तिथंच कापडाच्या पालात राहते. घरी मी आणि तुळजा. म्हणून वेण्या वाकड्या. तुला आधी लिहिलं नाही, कारण तू पोरगी आईपाशी ठेवली होतीस, माझ्यापाशी नव्हे.

पोटाचंही खरं सांगतो. दोन दिवस नव्हे, थांबून थांबून चाललं आहे. तेलगावच्या डॉक्टरांनी बाटली दिली. बाटली संपेपर्यंत बरं असतं. मी तिला भाकरी दुधात कुस्करून देतो. गाय छावणीवर असल्यानं दूध विकतचं, तेही डेअरीवर संकलनच अर्धं आल्यानं मिळेल तेव्हा. ती दोन घास खाते आणि तोंड फिरवते. म्हणते, "आई आल्यावर खाईन." मी म्हणतो, आई येणार आहे. ती विचारते, "उद्या?"

पण तक्ता हिरवाच आहे. मी काल सुंदरबाईंना मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, "दादा, पोरं उंच व्हायला लागली की बारीक दिसतेतच. वजन चांगलंय." मी माणसाच्या डोळ्यापेक्षा काट्यावर जास्त विश्वास ठेवत आलो, हे तुला माहीत आहे. म्हणून मी घाबरलो नाही, असं लिहिणार होतो. घाबरलो आहे. रोज सकाळी पोरगी उठायच्या आधी मी साखळीखाली बोटं घालून बघतो.

आबा


३० जानेवारी २०१६

केशर,

आज शनिवार. गुरुवारी जे झालं ते क्रमानं सांगतो.

तुळजाला सोडायला गेलो तेव्हा सुंदरबाई मागच्या बाजूला धुणं वाळत घालत होत्या आणि वजनाची वही सतरंजीवर उघडी होती. दुसऱ्याची वही बघू नये. मी बघितली. जानेवारीचं पान भरलेलं होतं. तुळजा, अकरा किलो तीनशे. तिच्या खाली आप्पारावच्या नातवाचं नाव. तो तर दिवाळीला आईबापासोबत ट्रकात बसून गेला. वहीत तो दर महिन्याला दोनशे ग्रॅम वाढत होता. मी नावं वाचत गेलो. एकतीस पोरं, सगळी दोनशे-दोनशेनं वाढलेली. वर बघितलं, तर आढ्याच्या काट्याला झोळीच नव्हती.

सुंदरबाई आत आल्या. मी म्हणालो, "हा पोरगा तुमच्यासमोर ट्रकात बसला."

"बसला की."

"मग वाढला कसा?"

त्यांनी वही मिटली. "दादा, एकतीसमधली एकोणीस तोडीला गेली. खरं लिवलं तर बारा उरतेत. बारावर अंगणवाडी कावून चालवायची, असं वरून विचारतेत. कुलूप लागलं तर तुमची तुळजा कुठं बसल?"

"पण तुळजा तर हितंच हाय! तिचं कावून न्हाई मोजलं?"

"डिसेंबरात झोळी फाटली. चार बारी मागितली, आली न्हाई. एकाचं वजन खरं अन् बाकीच्यांचं मनचं, तर लगेच डोळ्यात येतंय. म्हणून सगळ्यांनाच वाढवलं." मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मला वाटलं, घरची भाकर खाती, वाढतच असल."

ती वाईट बाई नाही, केशर. पोरांना स्वतःच्या घरचे शेंगदाणे आणून देताना मी तिला बघितलं आहे. ती भ्याली आणि भिऊन जे सोपं होतं ते केलं. मी तिला काय बोलणार?

पोरगी तशीच कडेवर घेतली आणि ओढ्यापलीकडे गेलो. वाटेत लक्षात आलं की मी एकदाही थांबून तिला दुसऱ्या कडेवर घेतलं नाही. हात दुखलाच नाही. दिवाळीत गेटपर्यंत नेताना दोनदा बदलावं लागलं होतं.

बायनाबाईनं तुळजाकडे बघितलं आणि या खेपेला टोमणा मारला नाही. तिचे पाय दाबून बघितले, डोळ्यांखाली बघितलं, वाटीत खिचडी दिली. तुळजानं एक घास घेऊन वाटी बाजूला सारली.

"साखळी काढा."

"नवस हाय."

"कुणासाठी?"

"हिच्या आईसाठी. ती तोडीला हाय."

बायनाबाई म्हणाली, "कारखान्याच्या काट्यावर व्हता म्हणं तुमी. गाडीसकट ऊस धरायचे का?"

"न्हाई. भरली गाडी एकदा, रिकामी गाडी एकदा."

"मग?"

केशर, बावीस वर्षं मी दुसऱ्याच्या उसातून गाडी वजा केली. साखळी पस्तीस तोळ्यांची आहे, म्हणजे चारशे ग्रॅम. फ्रॉक, चड्डी, पायातल्या चपला दोनशे. नोव्हेंबरात दहा-नऊशे भरलं तेव्हाच पोरगी दहा-तीनशे होती. टिंब तेव्हाच पिवळ्यात होतं. मी ते हिरव्यात बघितलं आणि तुला हिरवं म्हणून कळवलं. बाकीचं खोटं सुंदरबाईंचं असेल, पहिलं माझंच.

बायनाबाई म्हणाली, "हिला अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतंय. चिठ्ठी मी देते, पण चिठ्ठीवर वजन लागतंय आणि खोटं मी लिवणार न्हाई. अन् तिथं गेल्यावर ते सगळंच उतरवतेत, देवाचं असो का माणसाचं."

मी आकड्याला हात लावला आणि माझ्यानं झालं नाही. उसानं भरलेली ट्रॉली डोळ्यासमोर आली, आणि तिच्यावर बसलेली तू. दरवर्षी कोणाची ना कोणाची ट्रॉली उलटतेच. कोणाला फडात सापाचं पान लागतं, कोणाच्या हातात कोयता शिरतो. देवी आई आहे, साखळीसाठी ती माझ्या लेकीवर उठणार नाही, हे मी जाणतो. पण भीतीला हे पटत नाही. मी म्हणालो, उद्या येतो. बायनाबाई म्हणाली, "उद्याचं मला सांगू नका, हिला सांगा."

आज परवा झाला. शहादेवला फोनवर म्हणालो, केशरला विचार, साखळी काढू का. तो म्हणाला विचारतो. अजून फोन नाही. म्हणून हे लिहितो आहे. नवस तुझ्या जिवाचा आहे, तू हो म्हण, मग मी काढतो.

आबा


४ फेब्रुवारी २०१६
अंबाजोगाई

केशर,

मागचं पत्र आलं असेल तर त्याला उत्तर देऊ नकोस. साखळी काढली आहे.

सोमवारी तुळजानं पाणीसुद्धा तोंडातून सोडून दिलं. मी तिला घेऊन छावणीवर गेलो. आईनं तिला मांडीवर घेतलं, फ्रॉक वर करून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "केशरला विचारलंय, तिचा निरोप आला की काढतो."

तुझी आई कधी मोठ्यानं बोलत नाही. तेव्हाही बोलली नाही. म्हणाली, "लग्नाच्या वक्ताला तिला विचारलं न्हाई. अन् आता विचारायलेत. का, तर उद्या काय झालं तर तिच्या तोंडचा हो असावा म्हणून."

बाजूच्या पालातल्या बाया ऐकत होत्या. मला लपायला जागा नव्हती, आणि ती म्हणाली ते खरं होतं.

आई साखळीला हात लावीना. म्हणाली, "तुमी बोलले, तुमीच मोडा." मी आकडा उघडला. पोरीच्या कमरेवर कातडीला कड्यांचा वळ उमटला होता. मी देवीला एवढंच म्हणालो की बोललो मी, मोडतो मी, हिशेब माझ्याशी कर. तेवढ्यानं तू सुटलीस की नाही मला कळायला मार्ग नाही.

तिथून थेट ओढ्यापलीकडे गेलो आणि बायनाबाईनं पोरीचं उघड्या अंगानं वजन केलं. नऊ किलो तीनशे. तिनं तक्त्यावर टिंब काढलं आणि मला दाखवलं. लाल. मग शेडला कुलूप लावून ती आमच्याबरोबर एस.टी.त बसली. मी म्हणालो, तुमची पोरं? म्हणाली, "पोरांच्या आया हायेत आज गावात. हिला कोण हाय?"

इथं मुलांच्या वॉर्डात आयांनीच राहायचं असतं. नर्सबाई म्हणाली, "आजोबा, बाईमाणूस पाठवा." मी म्हणालो, एक छावणीवर आहे आणि एक फडात. पलीकडच्या खाटेवरची घाटनांदूरची एक बाई म्हणाली, "राहू द्या ओ सिस्टर, डोक्यावरून टॉवेल घेतला की झाली आई." सगळा वॉर्ड हसला. मला राहू दिलं. दर दोन तासांनी वाटीनं पातळ दूध पाजायचं असतं. चमचा तोंडाशी नेला की ती ओठ मिटते, मग मी सशाचं गाणं म्हणतो. गाजर आलं की ती तोंड उघडते. कधी उघडते, कधी नाही. काल वजन होतं तेवढंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, उतरलं नाही हेही चांगलं. चांगलं कसं, ते मी विचारलं नाही.

आज चौथा दिवस आणि शहादेवचा फोन लागत नाही. बंद आहे असंच ऐकू येतं. दवाखान्याच्या दारातल्या टपरीवर दोघं बोलत होते की तिकडं कुठल्याशा पुलावरून उसाची ट्रॉली खाली गेली. कुठल्या पुलावर, विचारलं तर त्यांना माहीत नाही. कोणत्या तालुक्यातली माणसं, तेही माहीत नाही. मी तीनदा चहा घेतला, तेवढ्यात कोणी आणखी काही बोलेल म्हणून.

केशर, बोलू नकोस, पण कोणाच्या तरी फोनवरून एकदा मिस कॉल दे. नंबर अनोळखी असला तरी मी ओळखीन.

आबा


१३ फेब्रुवारी २०१६
अंबाजोगाई, वॉर्डाबाहेरचा व्हरांडा

केशर,

तू आत आहेस आणि मी बाहेर बाकावर. मधे दहा पावलं आणि एक दार आहे. तरी लिहितोच आहे, कारण काल दुपारी आलीस ती माझ्यासमोरून सरळ आत गेलीस आणि पोरीला उचलून खाटेवर बसलीस. मी उठून बाहेर आलो. तू काही बोलली नाहीस. बोलायला हवं होतंस असंही मला वाटत नाही.

तुळजानं तुला आधी ओळखलं नाही. मग तिनं तुझ्या चेहऱ्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "उद्या आली." ते मी दारातून ऐकलं. सकाळी वजन झालं, नऊ किलो सहाशे. तू विचारलं नाहीस म्हणून सांगतो, अजून लालमध्येच आहे. डॉक्टर म्हणतात, धोका टळला असं पंधरा दिवस म्हणायचं नाही. घरी नेल्यावर मी तिला बायनाबाईकडे घालायचं म्हणत होतो. आता ते तू बघ. दोन्ही अंगणवाड्या तू स्वतः बघ. माझ्या बघण्यावर जाऊ नकोस.

जावईबापू खाली चहा पीत होते. मी जवळ गेलो. धुळाजी भला माणूस आहे, त्यानं मला बसायला जागा केली. शहादेवचा फोन उसाच्या मोळीखाली सापडून फुटला होता म्हणाला. पुलावरची ट्रॉली दुसऱ्याच टोळीची. माझं पत्र मिळालं त्याच दिवशी तू तोड सोडून निघायचं म्हणालीस, मुकादम नको म्हणत असताना. मी ऐकत होतो आणि माझं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. शेवटी मी म्हणालो, "केशरच्या हाताला काय झालंय?"

"कोयता निसटला मामा. अंगठ्याच्या मुळाशी. लई खोल न्हाई."

पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर होता. कधी? कोणत्या दिवशी? त्यानं सहज सांगितलं असतं. त्याला त्यात काय? मी चहाचा पेला उचलला, परत ठेवला आणि विचारलं नाही.

तुझी पट्टी मी दारातून बघतो. मळली आहे, कडा निघाल्या आहेत. उसाच्या चिकानं काळी पडली म्हणावं तर दोन दिवसांची असेल. सुकून कडक झाली म्हणावं तर दोन आठवड्यांची. मी साखळी काढली तो सोमवार होता. त्याच्या आधी लागलं असेल तर ते नवस असताना लागलं. नंतर लागलं असेल तर... रात्रभर मी दोन्हीकडून विचार केला आणि दोन्हीकडून भ्यालो. आधी लागलं असेल तर मग मी पोरीच्या अंगावर ते ओझं अडीच महिने कशासाठी ठेवलं?

म्हणून मला दिवस सांगू नकोस. मी पुढे कधी विचारलंच, म्हातारपणी, चुकून, तरी सांगू नकोस.

हे पत्र नर्सबाईंच्या हाती आत देतो. ड्रेसिंगची खोली जिन्याखाली आहे आणि चारला बंद होते. आत्ता पावणेतीन झालेत. पट्टी बदलून घे, धनुर्वाताचं इंजेक्शन माग, लाज धरू नकोस. तीनचं दूध पाजायचं आहे. तू उठून बाहेर आलीस की मी समजेन आणि आत जाऊन बसेन. माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. वाटी खिडकीत झाकून ठेवली आहे.

आबा